घरांतील यंत्रें : स्कूटरचा काळा प्लग

मुलुंडच्या एक वाचक-भगिनी विचारतात, "मामंजींची भांडुपच्या कारखान्यांतील जुनी लॅम्ब्रेटा दर पंधरवड्यास नवा प्लग मागते. ती भंगारांत द्यावी काय?"

इतकी घाई करूं नये. प्लग काळा पडणें हा रोग नव्हे, लक्षण आहे. टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलबरोबर तेलहि जळतें. प्लगचें टोक सुमारें ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलें, तरच त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. लालबहादूर शास्त्री मार्गावरील गर्दींतून मंडईपर्यंत रखडणाऱ्या गाडीस इतकी उष्णता मिळणार कोठून?

इंजिन गार झाल्यावर प्लग काढून पाहावा. काजळी कोरडी असल्यास चोक अडकला असेल किंवा हवेची जाळी तुंबली असेल. टोक तेलकट ओलें असल्यास पेट्रोलमध्यें बहुधा तेल अधिक पडलें आहे. तपकिरी रंग हें आरोग्याचें चिन्ह होय. पांढुरका रंग मात्र फाजील उष्णतेचा इशारा आहे, अशा वेळीं तेल कमी करूं नये.

कारण दूर करून, प्लग साफ करून, गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी. वडीलधाऱ्यांची वस्तु टाकण्यापूर्वीं तिची दिनचर्या एकदां तपासलेली बरी.