स्किझोफ्रेनियाची 'टेस्ट': मशीनला आजार दिसतो की गोळीचा परिणाम?

'डोळ्यांच्या हालचालींवरून स्किझोफ्रेनिया ओळखता येणार', 'मेंदूच्या स्कॅनमधून निदान होणार' अशा बातम्या अधूनमधून येत असतात. त्या वाचताना एक प्रश्न विचारायला हवा. तपासणीच्या वेळी रुग्णाने कोणती औषधं घेतली होती आणि तो कसलं व्यसन करत होता?

सिगारेटने निकाल कसा बदलतो?

ईईजीवर केली जाणारी 'पी५०' नावाची एक चाचणी आहे. त्यात अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन 'टिक' असे आवाज ऐकवतात. बहुतेकांचा मेंदू दुसऱ्या आवाजाला कमी प्रतिसाद देतो. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांमध्ये हा प्रतिसाद तितका कमी होत नाही.

पण १९९३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधील संशोधकांना वेगळंच दिसलं. सिगारेट ओढल्यावर रुग्णांचा हा प्रतिसाद थोड्या वेळापुरता इतरांसारखा झाला. म्हणजे आजार तोच, पण निकाल वेगळा.

महाराष्ट्रात निकोटिन मशेरी, गुटखा आणि तंबाखू-चुन्यातूनही शरीरात जातं. त्यामुळे इथे 'सिगारेट ओढता का?' एवढंच विचारून भागणार नाही.

स्कॅनमध्ये काय होतं?

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूचा आकार सरासरीने थोडा कमी आढळतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माकडांना हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन ही औषधं १७ ते २७ महिने देण्यात आली. त्यांच्या मेंदूचं वजन ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरलं. मग रुग्णाच्या स्कॅनमधली घट आजारामुळे किती आणि औषधामुळे किती, हे एका स्कॅनवरून ठरवणं कठीण होतं.

ॲम्फेटामाइनसारख्या उत्तेजकांमुळे तर प्रत्यक्ष लक्षणांचीच गफलत होऊ शकते. त्यांच्या अतिसेवनाने स्किझोफ्रेनिया नसलेल्या माणसालाही भास आणि संशय सुरू होऊ शकतात.

म्हणजे सगळी औषधांचीच किमया?

नाही. रुग्णांच्या नजरेला हलत्या वस्तूचा सलग पाठलाग करणं जड जातं, ही नोंद १९०८ मधली आहे. या आजारावरची आधुनिक औषधं १९५० च्या दशकात आली. शिवाय रुग्णांच्या काही निरोगी नातेवाइकांमध्येही असे फरक दिसले आहेत.

म्हणूनच संशोधक अजून औषध सुरू न झालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांचा अभ्यास करतात. चाचणीआधी शेवटची गोळी, तंबाखू आणि कॉफी कधी घेतली, याची नोंद महत्त्वाची ठरते.

रुग्ण आणि कुटुंबीयांनी काय लक्षात ठेवावं?

स्किझोफ्रेनियाचं निदान आजही लक्षणं, पूर्वेतिहास आणि डॉक्टरांशी होणाऱ्या संवादावरूनच होतं. डॉक्टरांना औषधांची आणि व्यसनांची पूर्ण माहिती द्या. मात्र 'चाचणी नीट यावी' म्हणून किंवा माकडांवरचा प्रयोग वाचून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. औषध अचानक थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो.