खोपटातले रॉक : चाहत्यांचे संगीत हा इतिहास नव्हे काय?

#धागा #इतिहास

१) जून २००२. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉरवुड हे गाव. डीजॉर्ज कुटुंबाच्या परसातील खोपटात गाण्याचा कार्यक्रम ठरलेला होता, आणि ऐनवेळी तो बारगळण्याची चिन्हे दिसू लागली. घरातल्या दोघा भावांनी, तेवीस वर्षांच्या पॉलने आणि पंधरा वर्षांच्या जोने, तासाभरात काही गाणी रचली व जमलेल्या मूठभर मित्रांना ती ऐकवली. सर्व गाणी एकाच मुलाच्या तोंडची होती. त्या मुलाचे नाव हॅरी पॉटर.

२) ‘हॅरी अँड द पॉटर्स’ या वाद्यवृंदाचा हा जन्म, आणि पुढे ‘विझर्ड रॉक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या एका संपूर्ण संगीतप्रवाहाचाही. हा विषय काढला की इतिहासाची आवड असणारी माणसेसुद्धा हसतात. ‘पोरखेळ’ असा शेरा मारून मोकळी होतात. आजचा धागा त्या हसण्याच्या विरोधात आहे. माझे म्हणणे असे : हा पोरखेळ असेलही, पण तो इतिहासाचा अस्सल ऐवज आहे; आणि आपल्या तुच्छतेमुळे तो आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत चालला आहे.

३) प्रथम हे प्रकरण काय ते समजून घेऊ. विझर्ड रॉक ही संगीताची शैली नव्हे. त्यात पंकचा धांगडधिंगा आहे, एकट्या गिटारीवरची हळुवार गाणी आहेत, संगणकावर रचलेले नृत्यसंगीतही आहे. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच : गाणारा कोणाच्या तोंडून गातो. पॉल आणि जो दोघेही हॅरीच होत. एक सातव्या वर्षातला हॅरी, दुसरा चौथ्या वर्षातला. दोघांचा वेश तोच, टाय तोच, चष्मा तोच.

४) मग प्रतिपक्षही उभा राहिला. २००४ मध्ये ऱ्होड आयलंडमधील दोघांनी ‘ड्रॅको अँड द मॅल्फॉयज’ काढला व हॅरीच्या शत्रूची बाजू मांडली. ‘द व्हॉम्पिंग विलोज’ हा एकाच माणसाचा वाद्यवृंद. तो गातो हॉगवर्ट्सच्या आवारातील मारकुट्या झाडाच्या तोंडून. न्यू जर्सीतील दोन शाळकरी मुलींनी ‘द मोनिंग मर्टल्स’ हे नाव घेतले आणि स्नानगृहात रडत बसणाऱ्या भूतमुलीला आवाज दिला. काही वर्षांत असे शेकडो वाद्यवृंद झाले.

५) हे त्याच काळात का घडले? कारणे पाहा. कादंबरीमालेचा चौथा भाग जुलै २००० मध्ये आला आणि पाचवा थेट जून २००३ मध्ये. तीन वर्षांची ती पोकळी वाचकांना असह्य झाली, आणि रिकाम्या जागेत कल्पना उगवते. त्याच सुमारास घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण करणे सोपे झाले. ‘गॅरेजबँड’ हे साधन २००४ मध्ये आले. २००३ मध्ये ‘मायस्पेस’ सुरू झाले, आणि गाणे जगापुढे मांडण्यास ध्वनिमुद्रिका कंपनीची गरज उरली नाही.

६) चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अमेरिकेत एकवीस वर्षांखालील मुलांना मद्य विकता येत नाही, आणि छोटे वाद्यवृंद जिथे गातात ते अड्डे बहुतांशी मद्यालयेच. पंधरा वर्षांच्या गायकाने आणि बारा वर्षांच्या श्रोत्याने जावे कुठे? हे वाद्यवृंद सार्वजनिक ग्रंथालयांत गेले. पुस्तकांच्या मांडण्यांमध्ये ध्वनिवर्धक लावून रॉक गाणारी मंडळी! ग्रंथपाल त्यांना आनंदाने बोलावीत. बाल व किशोर श्रोत्यांसाठी उभा राहिलेला, पुस्तकांच्या सावलीतला हा दौरामार्ग संगीताच्या इतिहासात नोंद घेण्याजोगा नाही, असे कोणी म्हणेल काय?

७) म्हणणारे आहेत. त्यांचा पहिला आक्षेप : “ही उसनी कला आहे. पात्रे दुसऱ्याची, गोष्ट दुसऱ्याची. यांचे स्वतःचे काय?” मराठी माणसाच्या तोंडी हा आक्षेप विशेष नवलाचा आहे. रामकथा मोरोपंतांची होती काय? तरी एकशे आठ रामायणे त्यांच्या नावावर सांगितली जातात. कीर्तनकाराचे आख्यान त्याच्या घरचे असते काय? ठाऊक असलेली कथा नव्या तोंडाने सांगणे यालाच आपण शतकानुशतके कला म्हणत आलो.

८) आणि जात्यावरच्या ओव्या? आपल्या बायकांनी सीतेचा वनवास स्वतःच्या सासुरवासाशेजारी बसवला आणि पोथीत नसलेले तिचे मन दळता दळता गायले. रडणाऱ्या भूतमुलीच्या तोंडून दोन शाळकरी मुली गातात, तेव्हा त्या तोलामोलाने ओवीच्या बरोबरीच्या ठरतात असा माझा दावा नाही. परंतु कृतीची जात एकच आहे : मोठ्या कथेत ज्याला बोलू दिले नाही, त्याला बोलते करणे.

९) आक्षेपकांच्या दुटप्पीपणाचा एक पुरावा देतो. इंग्रज संगीतकार डोनाल्ड स्वान याने टॉल्किनच्या कवितांना चाली लावल्या आणि १९६७ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. खुद्द टॉल्किनने त्यातील एका गीतासाठी ग्रेगोरियन स्तोत्रगायनाच्या धर्तीची चाल सुचवली होती. या पुस्तकाला कोणी पोरखेळ म्हणत नाही. का? तर लेखकाचा आशीर्वाद आहे, छापील स्वरलिपी आहे, पियानो आहे. खोपट, स्वस्त गिटार आणि शाळकरी आवाज आला की तीच प्रेरणा हास्यास्पद ठरते. हा निकष कलेचा नव्हे, प्रतिष्ठेचा आहे.

१०) शिवाय ही परंपरा २००२ ची नाहीच. अमेरिकेतील विज्ञानकथा संमेलनांत रात्री उशिरापर्यंत चाहते एकत्र बसून गात. १९५० च्या दशकात ‘फोक’ या शब्दाच्या छपाईत चूक होऊन ‘फिल्क’ असे पडले. चाहत्यांनी ती चूकच आपल्या संगीताचे नाव म्हणून स्वीकारली. या गायकांचे स्वतःचे मेळावे आहेत, स्वतःचे पुरस्कार आहेत. अर्ध्या शतकाहून अधिक वय असलेल्या या लोकपरंपरेचा संगीताच्या रूढ इतिहासग्रंथांत क्वचितच उल्लेख आढळतो. दोष परंपरेचा की ग्रंथकारांचा?

११) दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : “हे सारे कंपनीची फुकट जाहिरात करणारे भाबडे लोक.” यात सत्यांश आहे, तो नाकारणार नाही. चाहत्याचे प्रेम बाजाराला हवेच असते. पण इतिहास तपासा. २००० च्या अखेरीस चित्रपटाचे हक्क असलेल्या वॉर्नर ब्रदर्सने हॅरी पॉटरवरील संकेतस्थळे चालवणाऱ्या शाळकरी मुलांना कायदेशीर पत्रे पाठवली. मुलांनी बहिष्काराची हाक दिली, वृत्तपत्रांनी ती उचलून धरली, आणि कंपनीला नमते घ्यावे लागले. विझर्ड रॉक जन्मले ते ही झटापट नुकतीच झालेल्या भूमीत. ते कंपनीने पेरलेले नव्हते.

१२) पुढचे पाहा. २००५ मध्ये अँड्र्यू स्लॅक याने ‘हॅरी पॉटर अलायन्स’ ही संस्था काढली. तिच्या उभारणीत पॉल डीजॉर्जचा हात होता, आणि या वाद्यवृंदांचे श्रोते हेच तिचे पहिले मनुष्यबळ. २०१० च्या हैती भूकंपानंतर या मंडळींनी १,२३,००० डॉलर जमवले आणि मदतसाहित्याची पाच विमाने रवाना केली.

१३) आणि चॉकलेटचे प्रकरण तर प्रत्येकाने लक्षात ठेवावे. हॅरी पॉटरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चॉकलेटातील कोको बालमजुरीतून येतो की काय, असा प्रश्न याच संस्थेने वॉर्नर ब्रदर्सला विचारला. चार वर्षांहून अधिक काळ चिकाटीने विचारला. अखेर, २०१५ संपेपर्यंत हे सर्व चॉकलेट प्रमाणित, न्याय्य व्यापाराच्या कोकोचे असेल, असे कंपनीने मान्य केले. फुकटे जाहिरातदार आपल्या मालकाला असे जाब विचारतात काय?

१४) तिसरा आक्षेप आजच्या पिढीचा आहे, आणि तो तुच्छतेतून नव्हे तर दुखावलेपणातून येतो : “जून २०२० मध्ये जे. के. रोलिंग यांनी पारलिंगी व्यक्तींविषयी जी भूमिका मांडली, त्यानंतर या जगाशी संबंधित काहीही आठवूच नये.” पुस्तके वाचावीत की नाही, विकत घ्यावीत की नाही, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. मी त्यात पडत नाही. परंतु ‘आठवू नये’ हे वाक्य इतिहासाच्या विद्यार्थ्याने उच्चारू नये.

१५) कारण त्या विस्मरणाची किंमत लेखिका मोजणार नाही. तिची पुस्तके दुकानांत आहेतच. किंमत मोजतील ती त्या खोपटांत आणि ग्रंथालयांत आपला आवाज शोधणारी मुले. त्यांतली कित्येक स्वतः त्याच समाजगटातली होती, ज्यांना ती भूमिका बोचली. जुलै २०२० मध्ये ‘मगलनेट’ आणि ‘लीकी कॉल्ड्रन’ या चाहत्यांच्या दोन मोठ्या संकेतस्थळांनी लेखिकेपासून जाहीर फारकत घेतली; २०२१ मध्ये अलायन्सने आपले नाव बदलून ‘फँडम फॉरवर्ड’ केले. कथा एका व्यक्तीची आणि तिच्याभोवती जमलेला समाज वेगळा, हे त्या समाजाने स्वतःच सिद्ध केले. आपण मात्र दोघांना एकाच दोरीने बांधून बुडवायला निघालो आहोत.

१६) येथे एक कबुली आवश्यक आहे, नाहीतर हा धागा स्तुतिपाठ ठरेल. या वर्तुळात सारे निर्मळ नव्हते. तरुण चाहते आणि मंचावरचे ‘तारे’ यांच्यातील अंतर जिथे पुसट होते, तिथे गैरफायदाही घेतला जातो. २०१४ मध्ये या आणि याला लागून असलेल्या यूट्यूब संगीतकारांच्या वर्तुळातील अनेकांवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले व ती मंडळी हादरून गेली. हेही जपलेच पाहिजे. ज्याची कागदपत्रे नष्ट होतात, त्याचे दोषही नष्ट होतात. विस्मरण पीडितांच्या बाजूचे कधीच नसते.

१७) आता शेवटचा आक्षेप, आणि सर्वांत घातक. तो आक्षेप म्हणून येत नाही, निश्चिंतपणा म्हणून येतो : “जपायचे काय त्यात? सगळे इंटरनेटवर आहेच की.”

नाही. ते नाही.

१८) मार्च २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केले की सर्व्हर बदलताना जुनी ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे व चित्रफिती नष्ट झाल्या. गेलेल्या गाण्यांचा अंदाज पाच कोटी. सुमारे बारा वर्षांचे संगीत, आणि नेमकी तीच वर्षे, ज्यांत विझर्ड रॉक बहरले. पुढच्याच महिन्यात ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने त्यांतली सुमारे ४,९०,००० गाणी लोकांपुढे ठेवली, २००८ ते २०१० या काळात काही अभ्यासकांनी ती संशोधनासाठी उतरवून घेतली होती, म्हणून ती वाचली. हिशेब करा. शंभरातले एकही धड नाही.

१९) आग नव्हती, पूर नव्हता, परचक्र नव्हते. कोणी जाळपोळ केली नाही. नोंद ठेवण्याजोगे हे काही आहे, असे कोणाला वाटले नाही, एवढेच. ग्रंथालये जळाल्याच्या कथांवर आपण हळहळतो, आणि आपल्याच हयातीत एवढा मोठा ध्वनिसंग्रह गेला तेव्हा आपण जेमतेम एक बातमी वाचून पुढे सरकलो.

२०) याच्या उलट उदाहरण आपल्या घरात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. गिरण्या आल्या, जाती थांबली, पण ओव्या राहिल्या. आज ‘पारी’च्या संग्रहात त्या कोणालाही ऐकता येतात. त्या राहिल्या याचे कारण, बायकांची ही ‘साधी’ गाणी इतिहासाचा ऐवज आहेत असे कोणाला तरी वेळीच वाटले. वेळीच हा शब्द महत्त्वाचा.

२१) म्हणून, तरुण मित्रहो, हसण्यापूर्वी थांबा. विझर्ड रॉक तुम्हाला आवडलेच पाहिजे असे नाही. त्यातले बरेचसे सुमार आहे, जसे कोणत्याही काळातले बरेचसे संगीत सुमार असते. इतिहासकाराचे काम आवडीनिवडीचे नाही. २००२ मधल्या पंधरा वर्षांच्या मुलाला कशाची भीती वाटत होती, तो कशावर हसत होता, आपल्या मित्रांना काय ऐकवावेसे त्याला वाटले, हे कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. ते या गाण्यांत आहे.

२२) आणि करायचे असेल तर काम हाताशी आहे. तुमच्या महाविद्यालयात, गल्लीत, तुमच्या आवडत्या कथेभोवती जी गाणी, विडंबने, पोवाडे आज रचले जात आहेत, त्यांची ध्वनिमुद्रणे उतरवून घ्या. एका नव्हे, तीन ठिकाणी ठेवा. धारिकेच्या नावात दिनांक, स्थळ आणि गाणाऱ्याचे नाव लिहा. नाव देताना त्याची परवानगी घ्या. कार्यक्रमाचे हस्तपत्रक फेकू नका. गाणाऱ्याला बसवून विचारा : हे का रचलेस, कोणासाठी रचलेस? उत्तर लिहून ठेवा.

२३) डीजॉर्ज बंधूंच्या खोपटात त्या दिवशी मूठभर माणसे होती. त्यांतले कोणीही स्वतःला इतिहासाचा साक्षीदार समजत नव्हते. साक्षीदाराला ते कधीच कळत नसते. ते कळण्याची जबाबदारी आपली आहे, आणि पाच कोटी गाणी गमावल्यानंतर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ ही सबब आपल्याला उरलेली नाही.

(धागा समाप्त. मतभेद असल्यास अवश्य मांडा. मात्र ‘पोरखेळ’ हा शब्द युक्तिवाद म्हणून चालणार नाही.)