‘सर, थांबा’ म्हणण्याचा हक्क

पोट शिवायची वेळ झालेली असते आणि रक्त टिपायचे मॉप मोजणारी सिस्टर म्हणते, “सर, थांबा, एक मॉप कमी आहे.” त्या क्षणी सर्जनचे हात थांबतात का, यावरून ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) टीम आहे की नुसती हुकूम ऐकणारी माणसं, हे कळतं. ओटीची इनचार्ज सिस्टर म्हणून काम करताना मी दोन्ही प्रकार पाहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. तिच्यामागे होते डॉ. अतुल गवांदे, त्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ वर आणि मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले. यादीत एक मुद्दा असा, की छेद देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. एकदा तोंड उघडलेलं माणूस अडचणीच्या वेळी पुन्हा बोलतं.

आपल्याकडे आयाबाई वर्षानुवर्षे ‘मावशी’ आणि वॉर्डबॉय ‘मामा’ असतात. त्यांचं नाव सर्जनला ठाऊक नसतं. पण ट्रॉलीवरून येताना पेशंट आपला दुखरा पाय कोणता, हे त्या मावशींनाच सांगतो. ओळखीच्या वेळी त्यांनाही धरायला हवं.

अनेक ठिकाणी मात्र ऑपरेशन संपल्यावर सिस्टर एकटीच यादीवर खुणा करते. तिला दोष देऊ नका. सर्जन क्षणभर थांबायला तयार नसेल, तर ती कोणाला थांबवणार? सुरुवात वरूनच व्हायला हवी. सर्जनने आधी स्वतःचं नाव सांगावं आणि “काही खटकलं तर मला अडवा” असं स्पष्ट म्हणावं. खरी परीक्षा पुढे आहे. हरवलेला मॉप बादलीत सापडला, तरी सिस्टरचे आभार मानावेत. त्या वेळी ती बोलणी खाऊन गेली, तर पुढच्या खेपेला गप्प राहील; आणि तेव्हा मॉप पोटात असू शकेल.

रुग्णालयांच्या विश्वस्तांनी आणि अधिष्ठात्यांनी दर वर्षी एक प्रश्न विचारावा: आपल्या ओटीत सर्जनला किती वेळा थांबवलं गेलं? उत्तर ‘एकदाही नाही’ असं आलं, तर समाधान मानू नये. तिथली माणसं बोलायला घाबरतात का, याची चौकशी त्याच दिवशी सुरू करावी.