मैदान मोजायचं तर नवरात्रात मोजा

हिंगोलीकरांनो, पावसाच्या दिवसांत पोरांना टेबल टेनिस-कॅरम खेळायला, ज्येष्ठांना पेपर चाळत बसायला शहरात एक बरं भवन हवं, याबद्दल कुणाचं दुमत नसावं. आमचंही नाही. पण जागेचा विषय निघाला की बोट रामलीला मैदानाकडे जातं, कारण ते मोकळं दिसतं. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते, हे कागदावर कुठेच येत नाही.

खाकीबाबा मठाने १८५५ साली सुरू केलेला आपला दसरा आज याच मैदानावर भरतो. रामलीलेचा मंच, प्रदर्शनीची दुकानं, आकाशपाळणे, आणि दशमीच्या रात्री पन्नास फुटी रावण. रावण पेटला की गर्दी आधी मागे रेटली जाते आणि फटाके संपले की एकदम रस्त्याकडे निघते. लेकरू कडेवर घेतलेल्या बाईला तेव्हा मागे सरकायला जी जागा लागते, तीच मे महिन्याच्या दुपारी टेप घेऊन आलेल्या माणसाला रिकामी दिसते. तो तिथे चौकोन आखून मोकळा होणार!

म्हणून आमची मागणी: भवनाचा आराखडा काढायचाच असेल तर मोजणी नवरात्रात करा. जिथे गर्दी थांबत नाही, पळत नाही, वळत नाही, अशी कडेची पट्टीच भवनाला द्या. दादरच्या शिवाजी पार्कात १९२५ पासून मैदान लोकांचं आहे. जिमखाना, व्यायाम मंदिर कडेला बसले म्हणून मधलं मैदान शाबूत राहिलं.

भवन एकमजली असावं. पाठ रस्त्याला, तोंड मैदानाला, पुढे खोल ओसरी आणि रुंद पायऱ्या. एरवी कट्टा, रामलीलेला बैठक. मराठवाड्याच्या उन्हात काचेच्या भिंती म्हणजे विजेच्या बिलाला आमंत्रण. बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहं आणि कलाकारांना रंगपटाची खोली हवी, आणि दोन्हीचं दार मैदानातून उघडावं. औंढ्याच्या देवळाची सिमेंटची नक्कल मात्र कृपा करून नको. काळा दगड साधेपणाने वापरला तरी पुरे. पन्नास वर्षांवरच्या झाडांना राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. अशी झाडं आधी नकाशावर टाका, भिंती नंतर.

घाई यासाठी की शहराच्या विकास आराखड्यातला जागेचा वापर बदलायचा असेल, तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे नोटीस निघते, हरकतींना महिना मिळतो. खेळाच्या नावाखाली, वापर तोच दाखवून बांधकाम आलं, तर ती संधी मिळेलच असं नाही. निविदा निघाल्यावर बोलणं म्हणजे वरात गेल्यावर घोडं शोधणं.

तेव्हा या दसऱ्याला उंचावरून मैदानाचे फोटो काढा, त्यावर वेळ टाका. दुकानदारांनो, तुमच्या ओळी कुठवर जातात ते लिहून द्या. हे सगळं अर्जाला जोडून नगर परिषदेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.