घरचे आणि दारचे

आफ्रिकेतील एखाद्या देशात दुष्काळ पडला आणि रविवारच्या मिस्सानंतर त्यासाठी मदतीचे आवाहन झाले, की चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता एक वाक्य हमखास कानी पडते : "आपल्याच माणसांना खायला नाही, आणि फादर निघाले आफ्रिकेला!" हे वाक्य बोलणारा माणूस दुष्ट नसतो. पुष्कळदा तो सज्जन, कुटुंबवत्सल आणि धर्मग्रामाच्या कार्यात भाग घेणारा असतो. आपल्या भाषेनेही त्याच्या सोयीसाठी एक म्हण तयार ठेवली आहे : घरचे झाले थोडे, आणि व्याह्याने धाडले घोडे. नायगावसारख्या वस्तीत, जेथे एकेका खोलीत दोन-दोन पिढ्यांनी संसार केले, तेथे ही म्हण पटवून द्यावी लागत नाही. मला या वाक्याशी भांडायचे आहे. भांडण गरिबीच्या उल्लेखाशी नाही. 'आपली माणसे' या दोन शब्दांशी आहे.

'आधी घरचे' हे तत्त्व ख्रिस्ती शिकवणुकीच्या विरुद्ध आहे, असे मात्र कोणी समजू नये. जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करीत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट, असा इशारा तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, आणि तो माझ्या तोंडावर फेकणारे वाचकही आहेत. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रीतीचा क्रम सांगितला तो सेमिनरीत आम्ही पाठ केला : जवळच्याचा हक्क आधी, दूरच्याचा नंतर. परंतु ज्यांना हा क्रम आवडतो ते त्याच ग्रंथात पुढे काय म्हटले आहे ते वाचत नाहीत. परका माणूस मरणाच्या दारी असेल आणि स्वतःचा बाप तितक्या अडचणीत नसेल, तर बापाच्या आधी परक्याला साहाय्य करावे, असे थॉमस यांनीच लिहून ठेवले आहे. नाते हे एक माप आणि गरज हे दुसरे. दोन्ही मापे हाती धरल्यावाचून क्रम लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांनी याच प्रीतीच्या क्रमाचा आधार घेतला : आधी कुटुंब, मग शेजारी, मग देश आणि उरलेच तर जग. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन बिशपांना पत्र लिहून त्यांना चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याकडे परत पाठविले. त्या वर्षाच्या १ जुलैला अमेरिकेची परदेशी मदतीची संस्था बंद झाली. गंमत अशी, की आपल्या सरकारी खर्चाचा सुमारे चौथा हिस्सा परदेशी मदतीवर जातो, असा सर्वसामान्य अमेरिकन माणसाचा अंदाज पाहणी करणाऱ्यांना वारंवार आढळला आहे. प्रत्यक्षात तो शंभरात एकाच्या आसपास होता. आपल्या धर्मग्रामातही 'सगळे बाहेरच जाते' असे म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेबाची वही उघडून पाहावी.

आता थोडे मागे जाऊ. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात अगब नावाचा संदेष्टा मोठ्या दुष्काळाचे भाकीत करतो. सम्राट क्लौद्याच्या काळात तो दुष्काळ पडतो आणि अंत्योखचे शिष्य यथाशक्ती वर्गणी काढून ती बर्णबा व शौल यांच्या हाती यहूदियाला पाठवितात. एका ख्रिस्ती समूहाने दुसऱ्या प्रांतातील समूहासाठी पैसे जमविल्याची आपल्याकडची ही पहिली नोंद आहे, आणि ती दूरच्या दुष्काळाची आहे. अंत्योख हे रोमन साम्राज्यातील एक मोठे, गजबजलेले शहर होते. तेथे भिकारी नव्हते काय? पुढे करिंथकरांना लिहिताना पौल मासेदोनियातील ज्या मंडळींचे उदाहरण देतो, ती तर स्वतःच दारिद्र्यात होती. त्यांनी दिले ते शिलकीतून नव्हे.

पण बायबल बाजूला ठेवू आणि आपल्याच ताटाकडे पाहू. १९०० साली, छप्पन्नच्या दुष्काळात, 'क्विटो' नावाची आगबोट न्यूयॉर्कहून मक्याने भरून मुंबईच्या बंदरात आली. दोन लाख बुशेल, म्हणजे सुमारे पाच हजार टन मका तिच्यात होता. 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाच्या पुढाकाराने तो गोळा झाला होता आणि बोटीचे भाडे अमेरिकन सरकारने दिले होते. त्या काळी न्यूयॉर्कच्या भाड्याच्या खोल्यांत माणसे कशी कोंबलेली असत याची वर्णने उपलब्ध आहेत. ती वाचताना आपल्या चाळी ऐसपैस वाटतात. 'आपल्याच माणसांना खायला नाही' असे म्हणणारे तेथेही असणारच. तरीही बोट निघाली. १९६६ साली देशात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आले, आणि रेशनच्या रांगेत उभे राहून तांबड्या गव्हाची पिशवी घरी नेणाऱ्या आया अजून आपल्या धर्मग्रामात हयात आहेत. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी पाळण्यात होतो, पण मिलोच्या भाकरीची चव काय होती हे वडीलधाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकले आहे की ती मीच खाल्ली असे वाटते. ज्या पोटांत परक्याचे धान्य गेले, त्या पोटांनी 'परक्याला कशाला?' असे विचारावे, हे मला शोभिवंत वाटत नाही.

यावर एक उत्तर येते आणि त्यात तथ्य आहे. त्या धान्याबरोबर अपमानही आला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे मोजून-मापून सोडली, भारताने मान किती तुकवली हे पाहून पुढचे जहाज निघे. (गव्हाबरोबर गाजरगवत आले, असेही आपला शेतकरी सांगतो, त्या गवताची तक्रार माझ्या ऐकण्यात मिलोपेक्षा जास्त आहे.) दुधाची पावडर देऊन धर्म बदलून घेतात, हा आरोप तर आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या झेलला. देणाऱ्याच्या हाताला वास असतो, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. पण यातून निघते ते एवढेच, की देताना वर बसून देऊ नये. देऊच नये, हे त्यातून निघत नाही. आणि आपल्या सरकारने २०२२ च्या फेब्रुवारीत अफगाणिस्तानसाठी ५० हजार टन गहू पाकिस्तानच्या रस्त्याने पाठवायला सुरुवात केली, तेव्हा ती बातमी अभिमानाने एकमेकांना सांगणारेच पुष्कळ होते. सरकारने दिले की देशाचा गौरव, आणि खिशातून पन्नास रुपये मागितले की 'आधी घरचे'!

तर 'घर' म्हणजे कोणते? या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर महाराष्ट्राने एकदा दिले होते आणि ते आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर छापलेले असते. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती, पाझर तलाव खणीत होती. पोराबाळांना सुकडी वाटली जात होती. मिलोची आठवण राहिली, पण बहुसंख्य माणसे जगली ती या कामाच्या मजुरीवर. सांगली जिल्ह्यातील तासगावात १९६५ साली वि. स. पागे यांच्या कल्पनेतून जो लहानसा प्रयोग झाला होता, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. काम मागेल त्याला काम, हा १९७७ च्या कायद्याने हक्क झाला. १९७९ च्या प्रजासत्ताक दिनी तो अमलात आला. त्यासाठी पैसा कोठून आणायचा? १९७५ साली व्यवसाय कर बसविला गेला. नायगावच्या बीडीडी चाळीतील पोलीस शिपाई, परळच्या इस्पितळातील परिचारिका, दादरच्या कचेरीतील कारकून यांच्या पगारातून बीडच्या आणि उस्मानाबादच्या शेतमजुरासाठी पैसे कापले जाऊ लागले. त्या मजुराला यांनी कधी पाहिले नव्हते. त्याची बोली वेगळी, जात वेगळी, बहुधा धर्मही वेगळा. आपल्या चाळीच्या संडासाला दार नाही, छप्पर गळते, आणि पैसे मराठवाड्याला कशाला, असे म्हणण्यास जागा होती. कोणी म्हटलेही असेल. पण कर बसला, टिकला, आणि आजही बहुतेक पगारदारांचे दरमहा २०० रुपये त्यात जातात. २००५ साली देशभर रोजगार हमीचा कायदा झाला त्याचे मूळ या महाराष्ट्री प्रयोगात आहे. भिक्षा न देता हक्क दिला, आणि देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला कळले नाही. अशा दानाला 'घरचे' म्हणावे की 'दारचे'? नायगावपुरते पाहिले तर तुळजापूरही दारचेच.

आणि नायगावची पाळी आली तेव्हा काय झाले? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप विधिपूर्वक कधी मागे घेतला गेलाच नाही. स्प्रिंग मिलच्या आसपासची जुनी कुटुंबे त्याविषयी अजूनही कालच्यासारखे बोलतात. वाण्याची उधारी थकली, भांडी गहाण पडली, मुलांच्या शाळा सुटल्या. शेकडो कुटुंबे गावी गेली, आणि जी राहिली त्यांच्यासाठी गावाकडून ज्वारीची आणि तांदळाची पोती आली. ज्या खेड्यांसाठी शहराच्या पगारातून कर कापला जात होता, त्या खेड्यांनी शहरातल्या चाळीला जेवू घातले. ही देवाणघेवाण कोणी ठरविली नव्हती. उरलेली मुंबई मात्र लोकलच्या वेळा सांभाळीत राहिली. १९८४ साली इथिओपियाच्या सांगाड्यांची चित्रे जगभर गेली, तेव्हाही 'आधी घरचे' हा युक्तिवाद झालाच. घरचा उपाशी तर लालबागपासून नायगावपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसला होता!

याच वेळी मदर तेरेसांच्या भगिनी इथिओपियात राबत होत्या. कोलकात्याच्या पदपथावर मरणारी माणसे त्यांनी पाहिली नव्हती असे कोणी म्हणणार नाही. माझा अनुभव असा, की ज्याने जवळची भूक उचलून घेतली आहे तो दूरच्या भुकेविषयी हुज्जत घालीत नाही. हुज्जत घालणारा बहुधा दोन्हीपासून दूर असतो.

सर्वांत कडू उदाहरण १९९२ चे आहे. त्या वर्षी सोमालियातील दुष्काळाने जगाचे लक्ष वेधले आणि डिसेंबरात अमेरिकन सैन्य तेथे उतरले. पुढे १९९३-९४ मध्ये भारतीय जवानही गेले. आणि त्याच सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने शंभराहून अधिक आदिवासी मुले दगावली. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. दादरहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तेथे पोहोचतो. सोमालियाला न दिलेला आपला पैसा वावर-वांगणीला पोहोचला काय? तसे झाले असते तर मी हा लेख लिहिला नसता. 'आधी घरचे' म्हणणाऱ्याचे घर पाहता पाहता आकसते. आधी सोमाली वगळला जातो, मग जव्हारचा वारली, मग २०२० च्या टाळेबंदीत पायी निघालेला परप्रांतीय, मग मजल्यावरचा भाडेकरू, आणि शेवटी आपल्या बंद दाराच्या आत जेवढे मावते तेवढेच घर उरते.

दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनावले पाहिजेत. दूरचा उपाशी सोयीचा असतो. तो रात्री दार ठोठावत नाही, दारू पीत नाही, घेतलेले पैसे कोठे उडवले याचे स्पष्टीकरण देण्याची वेळ आणत नाही. दूरदर्शन संचावरचे डोळे खोल गेलेले मूल पाहून शंभराची नोट पेटीत टाकणारे, आणि घरी भांडी घासणाऱ्या बाईने दिवाळीपूर्वी पगार वाढवून मागितला की महागाईचे भाषण देणारे लोकही माझ्याच धर्मग्रामात आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानच्या झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले, तेव्हा हळहळणाऱ्यांपैकी काहींना आपल्या जिन्याखाली कोण झोपते हे ठाऊक नव्हते. त्यांची नोट मी परत करीत नाही. भुकेल्याला ती कोठून आली याच्याशी कर्तव्य नसते. पण ती नोट दिली म्हणजे मोलकरणीचा हिशेब मिटला, असे त्यांनी समजू नये.

मध्यंतरी एक तोडगा सुचविण्यात आला : चर्चच्या दाराशी दोन पेट्या ठेवाव्या, एकीवर 'आपली माणसे' आणि दुसरीवर 'परदेश' असे लिहावे, ज्याला जेथे टाकायचे त्याने तेथे टाकावे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मी ती मान्य केलेली नाही. दोन उपाशी माणसांना शेजारी उभे करून त्यांच्यावर मते टाकायची, ही कल्पना मला सोसवत नाही. शिवाय घरच्या गरिबाचे काम पेटीने भागत नाही. त्याला माणूस लागतो. म्हणून 'आधी घरचे' म्हणणाऱ्यांचा शब्द मी खरा धरून चालतो. आपल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची सभा रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात भरते. तेथे येणारी माणसे थोडी आहेत, बरीचशी साठी ओलांडलेली आहेत, आणि आफ्रिकेच्या पेटीत न विचारता पैसे टाकणारीही तीच आहेत. तूर्त त्यांना कामाच्या दिवशी सकाळी केईएमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांबरोबर उभे राहतील असे दोघे हवे आहेत, आणि रेशन कार्डाचे अर्ज भरून देईल असा एक, ज्याचे अक्षर वाचता येईल.