जांबचं घर

बालमित्रांनो,

परवा इतिहासाचा तास चालला होता. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, पुस्तकातली मोठी माणसं आपल्या जालना जिल्ह्यात का नाही जन्मली?"

म्हटलं, "जन्मली की! चल, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी जाऊ."

या जांबमध्ये सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या घरी १६०८ साली, रामनवमीला मुलगा झाला. नाव ठेवलं नारायण. थोरला भाऊ गंगाधर. नारायण भारी खोडकर, बरं का! एकदा तो दिवसभर कुठं दिसेना. आई शोधून शोधून थकली. अखेर स्वारी सापडली अडगळीच्या खोलीतल्या अंधाऱ्या फडताळात! काय करत होतास, असं विचारल्यावर म्हणतो कसा, साऱ्या जगाची काळजी करत होतो!

बाराव्या वर्षी लग्न ठरलं. भटजींनी "सावधान" म्हणताच नारायण खरोखरच सावध झाला आणि बोहल्यावरून पळाला, अशी कथा आहे. मग नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप, पुढं बारा वर्षं पायी भारतभ्रमण. तेच आपले समर्थ रामदास स्वामी.

पण घराचं काय झालं? घरात आई वाट पाहत होती. वाट पाहता पाहता तिची दृष्टी गेली, असं सांगतात. चोवीस वर्षांनी दारात एक गोसावी आला. आईनं सुनेला भिक्षा घालायला सांगितलं. गोसावी जाईना. त्याचा आवाज ऐकून आईनं ओळखलं, हा तर माझा नारायण! तिनं त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. चोवीस वर्षांपूर्वीचं पोर आता दाढीजटा वाढलेला गोसावी झालं होतं.

जन्मस्थानी आज समर्थांचं मंदिर आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जांबच्या देवघरातल्या जुन्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. सारं गाव हळहळलं. ऑक्टोबरमध्ये पोलिसांना त्यांचा शोध लागला, तेव्हा कुठं लोकांच्या जिवात जीव आला. चोरांनी धातू पाहिला होता. गावानं मात्र त्यात आपलं घर पाहिलं होतं.

मुलांनो, जुन्या घराची किंमत विटामातीत नसते. तिथं कुणी वाट पाहिली, कोण परत आलं, यात असते. आज आजीला विचारा पाहू, "आपल्या घरात कुणी कुणाची वाट पाहिली होती?" ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. आईबाबांनो, तुम्हीही शेजारी बसून ऐका हं!

तुमच्या,
बाई