डग्गा कुठे गेला?

घरातल्या आजींनी ‘अगं, गाण्यात पूर्वीसारखा डग्गा ऐकू येत नाही’ म्हटलं, की बहुतेक घरांत ठरलेलं उत्तर मिळतं. ‘आई, आता तुमचे कान गेले!’ आजी गप्प होतात आणि हळूहळू गाणी लावणंच सोडून देतात. मला याचा राग येतो. कारण वयोमानाने ऐकू कमी येऊ लागतं तेव्हा आधी जातात ते बारीक, उंच आवाज. चिमणीची चिवचिव किंवा बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’. डग्ग्याचा घुमारा सहसा शेवटपर्यंत साथ देतो. तेव्हा सतार, बासरी नीट ऐकू येतेय आणि डग्गा तेवढा हरवलाय, असं कुणी म्हणत असेल तर संशय आधी स्पीकरवर घ्यायला हवा. आजींच्या कानांवर नव्हे!

पण स्टिरिओ म्हणजे घरातल्या पुरुषांचं खातं ना! आपण शिलाई मशीनची बॉबिन केस उघडू, मिक्सरचं बिघडलेलं भांडं ओळखू, पण हॉलमधल्या त्या दोन पेट्यांपाशी ‘तारांना हात लावू नकोस’. तपासणी खरं तर अगदी सोपी आहे.

बॅलन्सचं बटण आधी पूर्ण डावीकडे फिरवा, मग उजवीकडे. एकेकटी पेटी छान घुमते, पण दोन्ही मिळून आवाज पोकळ येतो? मग बहुधा एका पेटीच्या लाल-काळ्या तारा उलट्या लागल्यात. दिवाळीच्या रंगकामानंतर हे हमखास होतं. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघांचा खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. यंत्र बंद करून, प्लग काढून एकाच पेटीच्या तारांची अदलाबदल करा. खर्च शून्य. पेट्या कोपऱ्यातून उचलून खोलीच्या मधोमध ठेवल्या असतील तरी घुमारा कमी होतो, हेही जाता जाता सांगते.

एकच पेटी कोरडी वाजत असेल, तर यंत्राच्या मागे डावी-उजवी जोडणी बदलून बघा. दोष दुसऱ्या पेटीत सरकला तर बिघाड यंत्रात किंवा त्याच्या आधीच्या जोडणीत. त्याच पेटीत राहिला तर ती पेटी किंवा तिची तार.

मग पुढची जाळी काढून मोठ्या स्पीकरची कड बघा. पुष्कळ जुन्या स्पीकरांना तिथे फोमचं कडं असतं. पंधरा-वीस वर्षांत ते चिकट होतं, भुगा होऊन गळतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर लवकरच. कडं फाटलं की पुढची हवा मागे निसटते, पडदा आधाराशिवाय लटपटतो आणि पहिला बळी जातो तो डग्ग्याचा. ट्विटर मात्र ठणठणीत वाजत राहतो, म्हणून घरातल्या बाकीच्यांना काही बिघडलंय असं वाटतच नाही. तिथे सेलोटेप लावू नका. पडदा मोकळा हलला नाही तर घुमारा येणार कुठून? यंत्र बंद असताना दोन्ही बाजूंना बोटं ठेवून पडदा हलकेच, सरळ आत दाबा. खरखर आली तर आतली कॉइल घासतेय, म्हणजे काम थोडं वाढलं.

‘आता हे कोण दुरुस्त करतं, नवीन घ्या,’ हे ऐकायची तयारी ठेवा. पण स्पीकरची कडी बदलून देणारे कारागीर अजून आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत चौकशी करा. लाकडी पेटी चांगली असेल तर कड्यापायी ती भंगारात घालायचं काय कारण? कडं त्याच मापाचं आणि तितकंच मऊ मागा. आणि एकच पेटी बिघडली असली तरी दोन्ही न्या. दुसऱ्या पेटीचं कडंही त्याच वयाचं असतं.